काठावर पास झालेली गाडी



तुम्ही आता वाचायला शिकलात. एस.टी.ची पाटी वाचता, रेशनचे कार्ड वाचता. आज आम्ही तुम्हांला आणखी एक कागद वाचायला सांगणार आहोत. मोटारीच्या धुराची तपासणी केली की तो मिळतो. त्याला पीयूसी म्हणतात.

आमच्या घरी 2012 सालची एक पेट्रोलची मोटार आहे. ती 1,90,000 किलोमीटर चालली आहे. गाडी म्हातारी झाली खरी, पण आमच्या वाडीत दुसरी गाडी नाही. रात्री-अपरात्री एखादी बाळंतीण तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची, तर ती याच गाडीतून, घाट उतरून.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही गाडी तपासायला नेली. तपासणाऱ्या मुलाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, यंत्र पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, पास झाली. काठावर झाली, पण झाली!"

आम्ही कागद खिशात घालणार, तोच नजर आकड्यांवर गेली.

त्यावर दोन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. हा विषारी वायू. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेली माणसे दगावतात, ती याच वायूने. दुसरा आकडा एचसीचा. न जळता बाहेर पडलेले पेट्रोल, असे समजा.

आमच्या गाडीच्या नियमाप्रमाणे सीओ शंभरात 0.5 पर्यंत चालतो आणि एचसी दहा लाखांत 750 पर्यंत. भारत स्टेज चारच्या गाड्यांना सूट कमी, 0.3 आणि 200. आमचे आकडे आले 0.46 आणि 690.

घरी येऊन आम्ही सहा महिन्यांपूर्वीचा कागद काढला. त्यावर होते 0.22 आणि 240.

आम्ही जन्मभर मुलांचे पेपर तपासले. सत्तर गुण मिळवणारा मुलगा एकदम छत्तीसवर आला, तर तो पास झाला म्हणून मास्तर पेढे वाटत नाही. पोराचे काय बिनसले, ते बघतो. गाडीचेही तसेच आहे.

मग सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला, "गुरुजी, कशाला डोकं शिणवता? चार पैसे जास्त टाका, गाडी न नेता कागद मिळतो." दुसरा म्हणाला, "सायलेन्सरातला कन्व्हर्टर गेला. नवा टाका." धूर शुद्ध करणारा हा डबा फार महाग असतो.

आम्ही दोघांचेही ऐकले नाही. ओळखीच्या मेस्त्रींकडे गेलो. दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तपासताना इंजिन तापलं होतं का?" तापले नव्हते. रांगेत अर्धा तास गाडी बंद उभी होती. इंजिन गार असले की ते पेट्रोल जास्त पिते, आणि कन्व्हर्टरही तापल्याशिवाय काम करीत नाही. म्हणून दहा किलोमीटर गाडी फिरवून लगेच पुन्हा तपासली. सीओ 0.29 वर उतरला. एचसी मात्र 640 राहिला.

मेस्त्री म्हणाले, "सीओ चढला तर आपल्या चुलीसारखं समजा. लाकडं कोंबली, वारा नाही, मग धूर होणारच. तेव्हा हवेचा फिल्टर बघायचा, पेट्रोल जादा सुटतंय का ते बघायचं. पण नुसता एचसी चढला, तर आधी ठिणगी बघायची. ठिणगी चुकली की पेट्रोल न जळता तसंच बाहेर जातं."

त्यांनी प्लग काढले. तिन्ही झिजलेले. एका प्लगला वीज नेणारी तार चिरलेली. लिटरमागे तीन किलोमीटर कमी का पडत होते, तेही तेव्हा उमगले. प्लग बदलले, तार बदलली. हजार रुपयांच्या आत काम झाले. पुन्हा तपासले, तर सीओ 0.24 आणि एचसी 210.

आम्ही विचारले, "कन्व्हर्टरच बदलला असता तर?"

मेस्त्री हसले. "न जळलेलं पेट्रोल त्या नव्या डब्यात जाऊन जळलं असतं. डबा तापून तोही वाया गेला असता. आणि एखाद्या रात्री घाटात गाडी दम टाकती, ते वेगळंच."

हे ऐकून आमच्या अंगावर काटा आला. कागद विकत घेतला असता, तर 690 हा आकडा आमच्या दृष्टीला कधीच पडला नसता.

तेव्हा मंडळी, एवढे ध्यानात ठेवा. गाडी तापवून तपासायला न्या. नुसते 'पास' वाचून थांबू नका, आकडे वाचा. जुना कागद फेकू नका, नव्याच्या शेजारी ठेवा. आधी प्लग, तार, फिल्टर अशा स्वस्त गोष्टी बघा. महाग वस्तू शेवटी. निळा धूर दिसला तर इंजिनात ऑइल जळते आहे, असे समजून मेस्त्रीला दाखवा. आणि आकडा कितीही चांगला असो, दार लावलेल्या गोठ्यात किंवा खोलीत इंजिन चालू ठेवू नका.

ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे, त्यांचाही असाच कागद असतो. आज घरी गेल्यावर तो काढा आणि त्यावरचे आकडे मोठ्याने वाचा. अडलात, तर उद्या वर्गात घेऊन या. आपण मिळून वाचू.