लाकडावर जाळून काढलेली चित्रे



बदनापूरचे नाव काढले की शेतकरी मंडळींना आठवते ती तूर. इथल्या कृषी संशोधन केंद्राच्या वाणांना ‘बीडीएन’ हे नावच बदनापूरवरून पडले आहे, आणि बीडीएन ७११ तर तुमच्यापैकी अनेकांनी पेरले असेल. तुरीनंतर आठवते मोसंबी. चित्रकला काही कुणाला आठवत नाही, आणि त्यात कुणाची चूकही नाही. पण आज मी बोलणार आहे ते त्याच मोसंबीच्या लाकडाविषयी, आणि त्यावर तापल्या टोकाने जाळून काढायच्या चित्रांविषयी. शहरात याला पायरोग्राफी म्हणतात. शब्द ग्रीक आहे. अर्थ एवढाच की विस्तवाने लिहिणे.

विस्तवाने लिहिणे आपल्याला नवे नाही. बासरी करणारा बांबूला भोके पाडतो ती तापल्या सळईने. बस्तरकडचे कारागीर बांबूच्या ‘सुलूर’ नावाच्या बासरीवर तापल्या लोखंडाने नक्षी उमटवतात. आणि फावड्याच्या दांड्यावर मालकाचे अक्षर डागलेले तर तुम्ही घरीच पाहिले असेल. फावडे शेजारी गेले तर ओळखू यावे, म्हणून!

मी शाळेत चित्रकला शिकवीत होतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुले बसवायची, कागद, रंग, रबर, हेच माझे जग. २०१२ साली पाऊस गेला, आणि २०१३ च्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. काहींनी टँकरने पाणी घातले, तेही पुरले नाही. पोटच्या पोरासारखी वाढवलेली पंधरा-पंधरा वर्षांची झाडे माणसांनी स्वतःच्या हाताने तोडली आणि सरपण म्हणून विकली. एका ढिगातून मी दोन ओंडके घरी आणले. का आणले, ते मला तेव्हा सांगता आले नसते. करवतीने कापले तर आत पिवळसर, घट्ट, तुळतुळीत लाकूड! रेषा ओढावी असे वाटणारे.

आता हत्यार. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे डाग द्यायचे, म्हणजे सोल्डरिंगचे, विजेचे यंत्र असते. पंचवीस वॉटचे यंत्र सुरुवातीला पुरते. मात्र ते नवे घ्यावे. ज्याने शिसे वितळवले आहे ते चित्राला वापरू नये, कारण तो धूर आपल्या नाकात जातो. पुढे हात बसला की तारेच्या टोकाचे खास यंत्र घ्यावे. त्याची उष्णता कमीजास्त करता येते. आमच्याकडे एक निराळीच अडचण आहे. शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडते, टोक गार होते आणि रेषा फिकी पडते. तेव्हा दाबून गडद करायला जाऊ नका. दाबाने लाकूड खचते, गडद होत नाही. गडदपणा येतो तो टोक किती तापले आहे आणि किती वेळ थांबले आहे, यावर. थांबा, हात आवरा, वीज सुधारू द्या.

लाकूड निवडताना घाई करू नये. सागाचे लाकूड तेलकट आणि आधीच गडद, त्यावर छाया उठत नाही. फळांच्या खोक्यांची देवदाराची फळी फुकट मिळते खरी, पण तिच्यात एक पट्टा मऊ आणि एक कठीण. टोक मऊ पट्ट्यात बुडते आणि कठीण पट्ट्यावरून उडते. शिवण किंवा हेदू मिळाले तर उत्तम. प्लायवूड आणि दाबून केलेले तक्ते जाळू नयेत, त्यांतल्या सरसाचा धूर वाईट. रंग दिलेले जुने लाकूडही नको. आणि कण्हेर तर मुळीच नको! कण्हेर विषारी आहे, तिचा धूरही विषारी.

ओल्या लाकडावर वाफ होऊन रेषा फुटते, म्हणून ओंडका सावलीत महिनोन् महिने वाळवावा लागतो. कापल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण लावावे, नाहीतर वाळताना मधोमध चीर जाते. माझ्या पहिल्या दोन ओंडक्यांपैकी एक असाच तडकला. मग चकती पॉलिश पेपरने घासायची, ओल्या फडक्याने पुसायची, उभे राहिलेले तंतू पुन्हा घासायचे. चित्र उतरवायला कार्बन पेपर घेऊ नका, त्याचे डाग मागे राहतात. कागदाच्या पाठीवर साधी पेन्सिल घासा आणि गिरवा.

शिक्षक बंधुभगिनींनो, कार्यानुभवाच्या तासाला हे शिकवता येते, पण आठवीच्या खाली नको, आणि एका वेळी चारच मुले. खिडकी उघडी, पंखा धूर बाहेर नेणारा, यंत्र ठेवायला वीट, जवळ पाण्याची बादली. भिंगाने उन्हात जाळायचा खेळ मुलांना फार आवडतो. त्यात तो पांढरा ठिपका डोळ्यांना घातक असतो, म्हणून गडद चष्म्याशिवाय करू देऊ नका.

सुरुवातीची चित्रे मी भेट म्हणूनच दिली. कुणाच्या लग्नात बैलजोडी, कुणाच्या वास्तुशांतीला तुळशीवृंदावन. मग लोक मागायला लागले, “गुरुजी, असंच एक आम्हालाही.” इथे माझा घोटाळा झाला. भेट आणि मागणी यांत मी फरकच केला नाही, आणि सुट्ट्यांमागून सुट्ट्या गेल्या. आता माझा हिशेब सरळ आहे. भेट मी ज्याला मनातून द्यायची त्याला देतो. मागून आलेल्या कामाला गावातल्या सुताराची रोजची मजुरी धरतो, जितके दिवस बसेन तितक्या दिवसांची, वर लाकूड आणि वीज. अर्धे पैसे आधी. काही जण रागावले. रागावू देत. सुताराला आपण फुकट बसवतो काय?

मागणीच्या कामात सगळ्यांत अवघड ते चेहरे. कागदावर चुकले तर रबर आहे, इथे नाही. पात्याने हलकेच खरवडून एखादी फिकी रेषा जाते, पण डोळ्याच्या कोपऱ्यात टोक क्षणभर जास्त थांबले की माणूस दुसराच होतो. एकदा एका आजोबांचे तसे झाले. मी ती चकती बाजूला टाकली आणि पदरचे लाकूड घालून दुसरी केली. चूक माझी होती.

मग एक दिवस माझा एक जुना विद्यार्थी आला. वडील वारले होते. त्यांचा एकच फोटो, मोबाइलमध्ये, कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेत उभे. चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मोठा केला तर नुसते चौकोन. म्हणाला, “गुरुजी, अंदाजानं काढा. आईला द्यायचंय.”

मी म्हटले, “अरे, अंदाजानं काढलेला माणूस तुझा बाप नसेल. तुझी आई ते रोज बघणार.”

तो गप्प बसला. मला वाटले, उठून जाईल. मग मी विचारले, ते चालायचे कसे, डोक्याला काय बांधायचे, बागेतून घरी कधी यायचे. तासभर तो बोलत राहिला, आणि मी नुसता कागदावर रेघोट्या ओढत होतो. पाठमोरे चित्र ठरले. मोसंबीच्या दोन ओळी, मधून घराकडे निघालेला माणूस, एक खांदा जरा खाली, चपला हातात. लाकूड त्यांच्याच तुटलेल्या बागेतले, त्याने घरून आणलेले. पाठीच्या सदऱ्याच्या चुण्यांना मला दोन रविवार लागले. चेहऱ्याला लागले असते त्याहून जास्त.

चित्र द्यायला मी त्याच्याबरोबर गेलो. मावशींनी चकती हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चपलांवर बोट ठेवून म्हणाल्या, “पाणी चालू असलं की असेच यायचे.”

त्या कामाचे उरलेले अर्धे पैसे त्याने दिले आणि मी घेतले. घ्यावेत की नाही, असे मनात आले होते. पण भेट त्याची होती, त्याच्या आईला, माझी नव्हे.

आता राहिलेली एकच गोष्ट सांगतो, कारण ती विसरली तर घर पेटेल. चित्रावर शेवटी जवसाचे तेल लावतात. त्या तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. ते बाहेर उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. तेल नको असेल तर मेण चालते, लाकूड तेवढे गडद होत नाही. आणि चित्र टांगताना खिडकीसमोर टांगू नका, उन्हाने फिक्या छाया आधी उडतात. मावशींनी ते देवळीशेजारी लावले आहे. तिथे ऊन पोचत नाही, मी पाहून आलो आहे.