प्रबंध तपासणार कोण?

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आहे 'पदव्युत्तर प्रबंध आणि त्यांचं परीक्षण'. यावर खरं तर अंगावर शाल घेतलेल्या एखाद्या विभागप्रमुखानं बोलायचं. तुम्ही गोदीतल्या हमालाला उभं केलंत. माझं शिक्षण दहावी. कविता लिहितो, गोणी वाहतो. तरी या विषयाशी माझा संबंध नाही असं कुणी समजू नये. मी प्रबंध लिहिला नाही, पण मी प्रबंधात आहे. तक्ता क्रमांक अमुक, प्रतिसादक क्रमांक तमुक. माझी वस्ती प्रबंधात आहे. माझ्या आईनं लोकांच्या घरी घासलेली भांडी प्रबंधात आहेत. आपल्या कवींनी दिलेल्या शिव्यासुद्धा प्रबंधात आहेत, तळटीपेसकट. ज्याच्यावर लिहिलं जातं त्यानं ते वाचायचं नाही, हा नियम या देशात फार जुना आहे. तो मोडायला आपण बसलोय.

आधी प्रबंध म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. ज्याचं उत्तर अजून कुणी नीट दिलेलं नाही असा एक प्रश्न. त्यासाठी गोळा केलेला पुरावा. पुराव्यावरून केलेला विचार. आणि शेवटी निष्कर्ष, जो वेगळाही निघू शकला असता. हे शेवटचं महत्त्वाचं. जे उत्तर पहिल्या पानाच्या आधीच ठरलेलं असतं त्याला संशोधन म्हणत नाहीत, त्याला आरती म्हणतात.

आणि परीक्षण म्हणजे काय? गोदीत जहाज लागलं की त्याच्याबरोबर कागद येतो. कागद बोलतो, इतक्या गोणी. टॅली क्लार्क कागद बघून सही ठोकत नाही. उतरणारी प्रत्येक स्लिंग मोजतो. कमी भरल्या तर कमी लिहितो. फाटक्या निघाल्या तर फाटक्या वेगळ्या लिहितो. जहाज कुठल्या देशाचं, मालक कोण, हे त्याच्या मोजणीत येत नाही. प्रबंधाचं परीक्षण यापेक्षा वेगळं नसावं. दावा किती, माल किती, फाटका किती.

आता तुम्ही म्हणाल, मोठमोठ्या विद्वानांच्या कामाची मोजणी करणारे आपण कोण? याला उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवलंय, आणि ते पंचविसाव्या वर्षी दिलंय. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, प्राध्यापक गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा सेमिनार. तिथं बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. पुढं १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला. त्या निबंधात त्यांनी काय केलं? जातीवर आधी लिहिणाऱ्या चौघांच्या व्याख्या पुढं मांडल्या. सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकरांचा जातीवरचा ग्रंथ अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या त्यांच्या अभ्यासातून आलेला, १९०९ साली छापलेला. म्हणजे एका मराठी विद्यार्थ्याचं संशोधन दुसरा मराठी विद्यार्थी तपासत होता. एक ब्राह्मण, एक महार, आणि जागा अमेरिका.

बाबासाहेबांनी केतकरांना झोडपलं का? नाही. आधी श्रेय दिलं. या माणसानं मोकळ्या मनानं अभ्यास केलाय, याचं म्हणणं गंभीरपणे घ्यायला पाहिजे, असं सांगितलं. मग बरोबर सांध्यावर बोट ठेवलं. केतकर जातीची दोन लक्षणं सांगतात. जन्मानंच जातीत येता येतं, आणि जातीबाहेर लग्न करता येत नाही. बाबासाहेब म्हणाले, या दोन गोष्टी नाहीत, एकाच गोष्टीची दोन तोंडं आहेत. बाहेर लग्न बंद केलं की आत फक्त जन्मलेलाच राहणार. एवढी एक दुरुस्ती, आणि तिच्यावर त्यांनी आपला सगळा सिद्धांत उभा केला. जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, आणि ते टिकवायला बाईच्या गळ्याला लावलेला फास. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. याला परीक्षण म्हणतात. समोरच्याचं खरं ते खरं म्हणायचं, चुकलेलं नेमकं दाखवायचं, आणि तिथून एक पाऊल पुढं जायचं.

आता उलट बाजू बघा. खुद्द बाबासाहेबांचा प्रबंध तपासला गेला तेव्हा काय झालं? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला त्यांनी १९२२ साली डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला. परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. पैसे संपलेले. बाबासाहेब मुंबईला आले, इथं बसून प्रबंध नीट केला, १९२३ साली पुन्हा पाठवला. तो मंजूर झाला आणि त्याच वर्षी पुस्तक निघालं. विषय होता चलन. सुवर्ण विनिमय पद्धत भारताला बरी, असं केन्सनं १९१३ सालच्या पुस्तकात मांडलं होतं. बाबासाहेब त्याच्याविरुद्ध उभे राहिले. आणि त्यांचे गाईड प्राध्यापक एडविन कॅनन यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. त्यात त्यांनी सरळ सांगितलं की या पद्धतीवरचा यांचा राग मला मान्य नाही, बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत. तरी काही ठिकाणी यांचा घाव बरोबर बसलाय, आणि जिथं चुकले असं वाटलं तिथंही यांच्या विचारात ताजेपणा सापडला.

दोस्तांनो, हे नीट ऐका. गाईडला निष्कर्ष पटला नाही, तरी प्रबंध पास झाला. परीक्षकानं 'मला पटलं का' एवढंच विचारायचं नसतं, 'यानं सिद्ध केलं का' हे विचारायचं असतं. आज आपल्या विद्यापीठांत किती गाईड अशी प्रस्तावना लिहितील? आणि आपली किती पोरं गाईडच्या तोंडावर न पटणारं लिहून दाखवतील?

आता आजचे नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.चा प्रबंध गाईड तपासतो, आणि शिवाय निदान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. त्यांनी होकार दिला की तोंडी परीक्षा. ती बंद खोलीतली नाही, तिथं संशोधक आणि विद्यार्थी बसू शकतात. प्रबंध दिल्यापासून सहा महिन्यांत हे सगळं उरकायचं. याच नियमांनी एम.फिल. बंद केली. गरीब पोराला दम खायला मधे एक पायरी होती, ती गेली. चोरीसाठी २०१८ चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंत माफ. दहा ते चाळीस टक्के मजकूर उचललेला निघाला तर सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यायचा. चाळीस ते साठ असेल तर एक वर्ष बंदी. साठच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. कागदावर सगळं ठीक आहे. पण मशीन शब्दांची चोरी पकडतं. माणसाच्या जगण्यातून उचललेलं आणि खोटं करून मांडलेलं मशीनला कळत नाही.

एक प्रसंग सांगतो. मधे आमच्या गेटावर एक पोरगा आला. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, पोरगा पण गरिबाचाच होता. हातात छापील प्रश्नावली. 'आपण आपल्या कामावर समाधानी आहात काय? पूर्णतः, अंशतः, नाही.' तो विचारत होता तेव्हा मुकादम खांद्याला खांदा लावून उभा. आम्ही ठेक्यावरची माणसं. उद्या गेटपास मिळणार की नाही ते त्याच मुकादमाच्या हातात. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "अंशतः म्हंजी काय रं?" पोरगा बोलला, "थोडंफार." म्हातारा बोलला, "मग पूर्णतःच लिव्ह बाबा. थोडंफार बोललं की लफडं."

हा फॉर्म पुढं कुठं जाणार? त्याचा तक्ता होणार, तक्त्याचा आलेख होणार. परीक्षक बघणार की बेरीज शंभर होते का, संदर्भसूची ओळीत आहे का, शुद्धलेखन बरं आहे का. मुकादम कुठल्या रकान्यात दिसणार? परीक्षकाला तो दिसूच शकत नाही. आम्हाला दिसतो. आणि उद्या हाच तक्ता कुणी साहेब उचलील आणि ठेकेदाराच्या फाईलीला जोडील. कामगार समाधानी आहेत, पगारवाढीची गरज दिसत नाही. दोस्तांनो, प्रबंध कपाटात मरत नाही. तो कधी कधी बाहेर येऊन आपल्या पोटावर बसतो. म्हणून तो तपासायचा.

आता आपल्या घरातलं बोलू. दलित साहित्यावरचे प्रबंध पोत्यानं आहेत. पूर्वी ते विद्यापीठाच्या कुलपात असायचे. आता 'शोधगंगा'वर मोबाईलवर उघडतात, फुकट. पाळी संपल्यावर मी वाचतो. बऱ्याच प्रबंधांचा साचा एकच. लेखकाचं चरित्र, कथानक, व्यक्तिरेखा, भाषाशैली, निष्कर्ष. आणि निष्कर्ष काय? लेखकानं वेदनेला वाचा फोडली. अरे, हे तर पुस्तकाच्या मलपृष्ठावर लिहिलेलं असतं! त्याच्यासाठी पाच वर्षं आणि फेलोशिप कशाला? 'बलुतं' १९७८ साली आलं. ते कुणी विकत घेतलं, वस्तीत कुणी वाचलं, वाचून कोण चिडलं, हे शोधा ना. बेबीताई कांबळ्यांनी 'जिणं आमुचं' लिहून वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवलं, पुस्तक १९८६ साली निघालं. चळवळीतल्या बाईला आपल्याच घरात वही लपवावी लागते, ती का? हा प्रश्न आहे. याचं उत्तर आपल्याला टोचणारं निघेल. म्हणूनच ते शोधायला पाहिजे.

इथं काही जण म्हणतील, आपल्या पोरानं लिहिलंय, सांभाळून घ्या. मी म्हणतो, अजिबात नाही. आपल्या पोराचा फुसका प्रबंध पास करणं म्हणजे त्याला आयुष्यभर फुसका ठेवणं. आणि परक्या जातीच्या पोरीनं उन्हातान्हात हिंडून पुरावा गोळा केला असेल, तर तिची जात बघून तो फेकायचा नाही. मोजणी सगळ्यांची सारखी.

पण सारखी म्हणताना दरवाजाकडंही बघा. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक अब्दुल नफे यांच्या समितीनं २०१६ साली प्रवेशाचे गुण तपासले. लेखी परीक्षेतले आणि तोंडी परीक्षेतले गुण जुळत नव्हते, आणि त्या फरकात सामाजिक भेदभावाचा वास होता. समितीनं तोंडीचे गुण तीसवरून पंधरा करायला सांगितले. आणि त्याच वर्षी आयोगाचे नवे नियम आले. लेखी फक्त पात्रतेपुरती, सगळं मुलाखतीवर. ओरड झाली, तेव्हा २०१८ साली लेखीला सत्तर आणि मुलाखतीला तीस टक्के आले. कागदावर नाव नसतं तेव्हा पोरगं हुशार असतं, समोर आडनाव येऊन बसलं की कच्चं होतं. आणि १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. पीएच.डी. करत होता. शेवटच्या चिठ्ठीत त्यानं थकलेल्या फेलोशिपचे पैसे घरच्यांना द्या म्हणून लिहिलं. त्याचा प्रबंध चांगला की वाईट, हे तपासायची वेळच या व्यवस्थेनं येऊ दिली नाही. जो पोरगा प्रबंधापर्यंत पोचतच नाही, त्याचं परीक्षण कुठल्या समितीनं करायचं?

तर काय करायचं? मी तीन गोष्टी मांडतो. पटल्या तर आजच ठरवू.

पहिली. आपल्या वस्तीवर, आपल्या कामावर, आपल्या पुस्तकांवर झालेला एक प्रबंध दर महिन्याला इथं वाचायचा. पाच प्रश्न विचारायचे. प्रश्न कुठला होता? पुरावा कुणाकडून घेतला, आणि घेताना शेजारी कोण उभं होतं? आधी कुणी काय म्हटलं होतं ते प्रामाणिकपणे सांगितलंय का? निष्कर्ष पुराव्यातून निघतो की वरून चिकटवलाय? आणि वाचून आपल्याला नवं काय कळलं? आकडेशास्त्र मला येत नाही. त्यासाठी इथं एम.एस्सी.वाली पोरं आहेत, त्यांनी गणित बघावं. मुकादम कुठं उभा होता ते मी सांगीन.

दुसरी. वाचून झालं की दोन पानांचा अहवाल लिहायचा आणि लेखकाला पाठवायचा. शिव्या नकोत. आधी चांगलं ते लिहायचं, मग चुकलेलं, पान क्रमांकासकट. केतकरांचं परीक्षण समोर ठेवायचं. अहवाल या अंकांतून छापायचा.

तिसरी. जो कुणी प्रश्नावली घेऊन येईल त्याला आपली अट सांगायची. प्रबंध झाला की त्याचा सारांश मराठीत, आम्हाला कळेल असा, वस्तीत येऊन वाचून दाखवायचा. दाखवणार असशील तर बस, चहा पी, मुकादम नसताना संध्याकाळी ये, खरं सांगतो. नसशील तर 'पूर्णतः'वर खूण करून घे आणि जा.

आणि तुमच्यातले जे एम.ए., पीएच.डी. करताहेत त्यांना एक सांगणं. गाईडची भाजी आणू नका. गाईडचा राग ओढवेल म्हणून निष्कर्ष वाकवू नका. तोंडी परीक्षेच्या दिवशी आम्हाला तारीख कळवा. नियमात विद्यार्थ्यांना बसायची मुभा आहे, तुमचे मित्र मागच्या बाकांवर बसवा. आम्हाला आत सोडलं नाही तर आम्ही बाहेर व्हरांड्यात उभे राहू. आणि संध्याकाळी तुमचा प्रबंध इथं वाचायला घेऊ. विद्यापीठानं पास केला असेल तरी इथं तो पुन्हा मोजला जाईल.

जय भीम.