तेज पाहिजे, की गोरेपण?



चेहऱ्यावर तेज यावं असं सगळ्यांनाच वाटतं. पण तेज वेगळं आणि गोरेपण वेगळं. 2022 साली आपल्या शेजारच्या अकोल्यात एकाच घरातल्या तिघी मायलेकींनी गोरेपणाची क्रीम लावली आणि तिघींच्याही किडनीला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर त्या क्रीममध्ये पारा निघाला. म्हणून बनवणाऱ्याचं नाव नसलेली डबी घेऊच नका. लावत असाल तर बंद करा. अंगावर सूज दिसली तर डबी घेऊन दवाखान्यात जा.

मग तेज येतं कुठून? चेहरा फिका पडला असेल, तर आधी रक्त तपासा. तुरीची डाळ, शेवग्याची भाजी खा, वर लिंबू पिळा. त्यानं लोह अंगी लागतं. जेवल्याबरोबर चहा नको, तो लोह अडवतो. लोहाची गोळी उपकेंद्रात मोफत मिळते. महागड्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका.

निंदणाला जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, रुमालानं तोंड-मान झाका. दुपारचं काम होईल तेवढं सकाळी उरका.

पुढच्या बैठकीला घरातली क्रीम सोबत आणा. लेबल सगळ्या मिळून वाचू.