कानातला बिल्ला, खात्यातले पैसे

पनवेल परिसरात दुधाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. प्रश्न असतो तो पेंड-चाऱ्याचा खर्च वजा जाता हाती काय उरतं, याचा.

२०२४ मध्ये गाईच्या दुधाचे भाव पडले, तेव्हा राज्य सरकारनं लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं. ऑक्टोबरपासून ते ७ रुपये झालं. त्यासाठी दूध सहकारी संघाला किंवा खासगी डेअरीला घालणं गरजेचं होतं. घरोघरी रतीब घालणारा आणि म्हैसवाला त्यात बसत नव्हता. पैसे थेट बँक खात्यात येत. पण त्यासाठी खात्याला आधार जोडलेलं असावं लागे आणि गाईच्या कानात १२ अंकी पिवळा बिल्ला असावा लागे.

अनुदानाची मुदत संपते, बिल्ल्यावरची नोंद मात्र कामी येत राहते. लाळ्या-खुरकूतचं लसीकरण, कृत्रिम रेतन हे सगळं त्याच नंबरावर चढतं. आणि पेंड-चाऱ्याच्या खर्चासाठी, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी, पशुपालकांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं. २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण लागत नाही.

तेव्हा उद्या धार काढायला बसाल, तेव्हा गाईचा कान जरूर बघा. बिल्ला नसेल, तर जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.