शिरोवस्त्र आणि खेळाचे मैदान



१८९१ साली अमेरिकेतील ज्या स्प्रिंगफील्ड शहरी बास्केटबॉलचा जन्म झाला, तेथीलच बिल्किस अब्दुल-कादिर. शालेय सामन्यांत ३,०७० गुण मिळवून तिने मॅसॅच्युसेट्स राज्याचा विक्रम मोडला. पुढे मेम्फिस विद्यापीठाच्या संघातही ती डोके व हातपाय झाकूनच खेळली. मात्र २०१४ साली व्यावसायिक खेळाडू होऊ पाहताच आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम आडवा आला. सुरक्षिततेच्या नावाखाली शिरोवस्त्रास बंदी होती. त्याच वर्षी इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत कतारच्या महिला संघाने याच कारणास्तव माघार घेतली. बंदी उठली २०१७ साली. तोवर बिल्किसच्या उमेदीची वर्षे सरली होती.

अर्थशास्त्राचा अभ्यासक या नात्याने मी याला उपजीविकेचा हक्क हिरावणे म्हणतो. स्त्रीवरील धर्मसत्तेचे वर्चस्व आपल्याला अमान्यच आहे. इराणमधील शिरोवस्त्राच्या सक्तीचा आपण निषेधच केला पाहिजे. परंतु ते उतरवण्याची सक्ती हीदेखील सक्तीच होय. मैदानाचे दार लावून घेतले, तर मुलगी पुन्हा घराच्या चार भिंतींत जाते, आणि तेथे परंपरेशी झगडण्याचे तिचे बळ घटते. काय ल्यावे हे तिने ठरवावे. दार उघडे राहील हे आपण पाहावे.