भाषेच्या तासाला चलचित्रकथा

अमेरिकेतील एमआयटी संस्थेने २००७ साली खुले केलेले ‘स्क्रॅच’ हे मोफत साधन ब्राउझरमध्ये चालते. पात्रे निवडून हालचाल, संवाद आणि आवाज यांचे ठोकळे जोडले की चलचित्रकथा तयार होते. संवाद देवनागरीत लिहिता येतात, मुलांचा आवाजही ध्वनिमुद्रित करता येतो.

बुलढाणा जिल्ह्यातील वर्गासाठी लोणार सरोवराशी जोडलेली लवणासुराची दंतकथा उत्तम विषय ठरते. मुलांनी ती आधी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकावी, प्रसंग पाडावेत, संवाद लिहून शुद्धलेखन तपासावे आणि मगच संगणकाकडे वळावे. संवाद वऱ्हाडीत व निवेदन प्रमाण मराठीत ठेवल्यास भाषेच्या दोन्ही रूपांची जाण वाढते. संगणकावर उतरवून घेतलेले स्क्रॅच इंटरनेटशिवायही चालते. शिक्षकांनी एका छोट्या कथेपासून सुरुवात जरूर करावी.