वाचनालयाला माणूस द्या

(नेरडीगोंडा येथे मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला ‘वाचनसंस्कृती’ या विषयावर बोलायला सांगितले. विषय चांगला आहे. पण त्यावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलते, टाळ्या होतात, आणि प्रसाद घेऊन आपण घरी जातो. आम्ही पडलो सरकारी नोकरीतली माणसे. डिप्लोमा करून नोकरीला लागलो, तेव्हापासून फायली, अर्ज आणि मंजुऱ्या यांतच दिवस जातात. त्यामुळे वाचन किती थोर आहे हे आज सांगत नाही. सार्वजनिक ग्रंथालय चालते कशावर, त्याला पैसा कुठून येतो, तिथे बसणाऱ्या माणसाला शिक्षण कुठे मिळते, आणि यात आपल्या मराठी घरांना काय करता येईल, तेवढेच बोलू.

आपल्यातल्या कित्येक घराण्यांना या भागात तीन-चार पिढ्या झाल्या. थोरल्यांना आठवत असेल, किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, ते तालुके पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५५ साली, हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. म्हणजे मराठवाडा आणि तेलंगण एका छपराखाली असतानाचा तो कायदा. पुढे आंध्र प्रदेशचा कायदा १९६० साली झाला, महाराष्ट्राचा १९६७ साली. तेलंगण राज्य झाल्यावर आपल्याकडे तोच १९६० चा कायदा पुढे चालू राहिला.

या दोन कायद्यांत एक मोठा फरक आहे आणि तो आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात गावातली चार माणसे एकत्र येतात, संस्था नोंदवतात, वाचनालय काढतात, आणि सरकार त्याला अ, ब, क, ड असा वर्ग देऊन अनुदान देते. किनवटचा पाहुणा आपल्याकडे आला की म्हणतो, तुम्ही एक वाचनालय का काढत नाही? त्याला वाटते, काढले की अनुदान सुरू. आपल्याकडे तशी रीत नाही. आपल्याकडे जिल्हा ग्रंथालय संस्था असते, तिच्या शाखा असतात, आणि त्यांचा खर्च ग्रंथालय कराच्या पैशातून चालावा अशी कायद्याची योजना आहे. घरपट्टीच्या प्रत्येक रुपयामागे आठ पैसे. पाचशे रुपये घरपट्टी असेल तर चाळीस रुपये ग्रंथालयाचे. ग्रामपंचायतीने ते गोळा करायचे आणि जिल्हा संस्थेकडे भरायचे. पावती तेलुगूत असते म्हणून आपण घडी घालून ठेवून देतो. आज घरी गेल्यावर ती काढा आणि त्यातला ग्रंथालयाचा रकाना बघा. ज्या वाचनालयात आपण पाऊल ठेवत नाही, त्याचे पैसे आपण वर्षानुवर्षे भरत आलो आहोत.

पलीकडे सगळे आलबेल आहे असेही समजू नका. २०२२ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने ग्रंथालयांच्या अनुदानात साठ टक्के वाढ केली, पेपरात मोठी बातमी आली. पण ड वर्गाच्या वाचनालयाला त्याआधी वर्षाला तीस हजार मिळत होते, ते अठ्ठेचाळीस हजार झाले. महिन्याला चार हजार. त्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि वाचनालय उघडणाऱ्या माणसाचा पगारही. चार हजारांत कोणता शिकलेला मुलगा दिवसाचे तास देईल? तरी हजारो गावांत ती कुलपे रोज उघडतात, ही त्या लोकांची पुण्याई.

आता केंद्राच्या पैशाकडे येऊ. राजा राममोहन राय यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने १९७२ साली कोलकात्यात राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान स्थापन झाले. देशभरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना केंद्र सरकारची मदत मुख्यतः त्याच्यामार्फत येते. मदतीचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात राज्य आपला वाटा घालते आणि त्या प्रमाणात प्रतिष्ठान आपला वाटा घालते. पुस्तके, कपाटे, फिरते वाचनालय, सेवकांसाठी कार्यशाळा, असे त्यात बसते. हा पैसा राज्य पातळीवर ठरतो, आपला त्याच्याशी थेट संबंध नाही. दुसऱ्या मार्गात राज्याचा वाटा लागत नाही. वाचनालय चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्था, बालविभाग, स्त्रिया व ज्येष्ठ नागरिकांसाठी कोपरा, पन्नास, पंचाहत्तर किंवा शंभर वर्षे पूर्ण केलेली ग्रंथालये, अशांसाठी तो आहे. अर्ज मात्र राज्याच्या शिफारशीने जातो. नोंदणीचे प्रमाणपत्र, तपासलेले हिशेब, वाचकांची नोंद, पुस्तकांची नोंद, हे सगळे लागते. आपल्या मंडळाकडे नोंदणी आहे, हिशेबही दरवर्षी तपासून घेतले जातात, त्याबद्दल खजिनदारांचे कौतुक. पण वाचकांची नोंद? कपाटातल्या दोन-अडीचशे पुस्तकांची यादी? ती कोण करणार?

इथे आम्ही खऱ्या मुद्द्याशी येतो.

पुस्तके मिळत नाहीत ही आपली नेहमीची तक्रार. पण पुस्तके येतात. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ देते, कोणी पुण्याहून बदली होऊन येताना खोके आणते, कोणी घर बदलताना रद्दीऐवजी वाचनालयाला देते. पुढे त्यांचे काय होते ते आम्ही पाहिले आहे. एका शाखेत मराठी पुस्तके हिंदीच्या कपाटात लावलेली होती. कारण उघड आहे, लिपी एकच. तिथला सेवक तेलुगूभाषक, कष्टाळू, वेळेवर येणारा. देवनागरी दिसली की हिंदी, असे त्याला वाटणारच. दशांश वर्गीकरणात हिंदी साहित्याचा क्रमांक ८९१.४३ आणि मराठीचा ८९१.४६ आहे, पण क्रमांक घालण्याआधी पुस्तक कोणत्या भाषेचे हे कळायला हवे ना! रजिस्टरात नावे तेलुगू लिपीत, ऐकून लिहिलेली. लेखकाचे आडनाव कुठे संपते आणि पुस्तकाचे नाव कुठे सुरू होते, पत्ता नाही. आपली एखादी आजी पोथी मागायला आली तर तिला ती मिळायची नाही. मग वाचक येत नाही. वाचक येत नाही म्हणून मराठीची मागणी नोंदली जात नाही. मागणी नाही म्हणून पुढच्या खरेदीत मराठी पुस्तक धरले जात नाही. दोष कोणा एकाचा नाही. हे चक्र तोडायचे तर मराठी वाचता येणारा आणि ग्रंथालयाचे काम शिकलेला माणूस हवा. तो आपल्या घरांतूनच यायला हवा, दुसरीकडून कुठून येणार?

ग्रंथालयाच्या कामाला शिक्षण लागते, हे आपल्या लोकांना पटवणे कठीण. ‘पुस्तके द्यायची आणि घ्यायची, त्याला कसले शिक्षण?’ पण देशात हे सगळ्यांत आधी ओळखले एका मराठी राजाने, तेही महाराष्ट्राबाहेर राहून. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि १९११ साली बडोद्यात ग्रंथालयसेवकांचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला, देशातला पहिला. गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या आणि त्या पेट्यांमागे शिकलेली माणसे असायची. म्हणून ती योजना नुसती कागदावर राहिली नाही. ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचे पाच नियम प्रसिद्ध झाले १९३१ साली, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनी.

आणखी एक गंमत सांगतो. लोकमान्यांनी पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक केला त्या १८९३ सालीच ठाण्यात वि. ल. भावे यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले. आपल्या हैदराबादेत ईसामिया बाजारात मराठी ग्रंथ संग्रहालय १९२२ साली निघाले, निजामाच्या राज्यात, उर्दूचा जोर असताना. गणपती आणि ग्रंथालय ही आपल्या समाजाची जुळी भावंडे. त्यातला एक भाऊ नेरडीगोंड्यात चांगला धष्टपुष्ट आहे, मंडप बघितलाच आहे आपण. दुसऱ्याची प्रकृती बरी नाही.

आता मागे उभ्या असलेल्या मुलामुलींनी जरा लक्ष द्यावे. शिकायचे कुठे? इग्नू या मुक्त विद्यापीठात ग्रंथालय व माहितीशास्त्राचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. बारावी झालेल्याला घरी राहून करता येतो. पदवी झाली असेल तर बी.लिब. करावे. हैदराबादच्या डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठात ते दूरशिक्षणाने होते, उस्मानियात नियमित होते. मराठीतून शिकायचे असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात हा विषय आहे. मात्र अभ्यासकेंद्र आणि परीक्षाकेंद्र कुठले मिळते ते फी भरण्याआधी विचारा, नाहीतर दर परीक्षेला एसटीचा प्रवास ठरलेला. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणात ग्रंथालयशास्त्राचे काही वर्ग फुकट आहेत. ते आधी करून बघा, गोडी लागते का ते कळेल. संगणकावरच्या नोंदींसाठी सरकारच्या एनआयसीने ‘ई-ग्रंथालय’ नावाची प्रणाली केली आहे. तीत देवनागरीत नोंद करता येते, म्हणजे ऐकीव स्पेलिंगचा प्रश्नच मिटतो. हे शिकलेला एक मुलगा किंवा मुलगी आपल्या कपाटातल्या पुस्तकांची यादी महिन्याभरात करून देईल.

एक मात्र खरे सांगतो. सर्टिफिकेट हातात आले की सरकारी नोकरी मिळाली, असे आम्ही म्हणणार नाही. जागा निघतात तेव्हा निघतात, नाही तेव्हा वर्षे जातात. पण जागा निघाली तेव्हा कागद हातात नसेल तर अर्जच भरता येत नाही. शाळा, कॉलेज, वसतिगृहे, निवासी शाळा यांनाही ग्रंथपाल लागतो. लग्न होऊन पलीकडे गेलेल्या मुलीला किनवट-माहूर-पांढरकवड्याकडच्या वाचनालयात हाच कागद उपयोगी पडतो. मुलींच्या आईवडिलांनी याचा जरूर विचार करावा.

बातमी वेळेवर कळणे हा दुसरा रोग. योजना असते, मुदत संपल्यावर आपल्याला समजते. कोलकात्याच्या प्रतिष्ठानचे अर्ज आणि नियम त्यांच्या संकेतस्थळावर असतात. महाराष्ट्र सरकारची राज्य मराठी विकास संस्था महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांना भाषेच्या उपक्रमांसाठी अर्थसाहाय्य देते, तिची सूचनाही अशीच निघते. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके आणि मराठी विश्वकोश तर फुकट वाचायलाच ठेवले आहेत, त्याला अर्जसुद्धा नको. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रे येतात, त्यांना आमची हरकत नाही. पण महिन्यातून एकदा कोणी ही तीन ठिकाणे उघडून पाहिली आणि मुदतीची तारीख ग्रुपवर टाकली, तर आपल्याला कोणाच्या मागे फिरावे लागणार नाही.

मंडळापुढे आमचे म्हणणे असे आहे. यंदा वर्गणीतून पुस्तके घेऊ नका. पुढच्या वर्षीही घेऊ नका. त्या पैशातून आपल्यातल्या एका होतकरू मुलाची किंवा मुलीची या अभ्यासक्रमाची फी भरा. अट एकच घाला, शिकत असताना आठवड्याचे दोन दिवस मंडळाच्या कपाटाला आणि सरकारी ग्रंथालयातल्या मराठी पुस्तकांना द्यायचे. तिथल्या तेलुगू सेवकाला त्याची मदतच होईल. नोंदी झाल्या, वाचक दिसू लागले, की बालविभागासाठी प्रतिष्ठानकडे अर्ज करायला आपण मोकळे. कागद लिहून देण्याचे काम आम्ही करू, तेवढी आमची नोकरीतली कमाई.

वाचक कोण, असे कोणी विचारेल. आपली नातवंडे. ती शाळेत तेलुगू आणि इंग्रजी शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि आपण गृहीत धरतो की त्यांना मराठी वाचता येत नाही. पण शाळेत हिंदी असते, त्यामुळे अक्षरे त्यांना येतात. ‘ळ’ वर थोडी अडखळतात एवढेच. त्यांच्या हातात मोठ्या टायपातले गोष्टीचे पुस्तक देऊन बघा. आम्ही दिले आहे. पहिले पान जड जाते, तिसऱ्या पानावर मान वर होत नाही.

ग्रंथालय सप्ताह चौदा ते वीस नोव्हेंबर असतो. तोपर्यंत निदान पन्नास मराठी घरांची नावे शाखा ग्रंथालयाच्या वाचक-नोंदणीत असावीत आणि प्रत्येकाने मागणीच्या वहीत एक तरी मराठी पुस्तक लिहिलेले असावे. वहीत लिहिलेले वरपर्यंत जाते. चहा पिताना बोललेले जात नाही. सभासद होताना थोडी अनामत ठेवावी लागते, ती परत मिळते.

नोंदणीचे कोरे फॉर्म आणले आहेत, आरतीनंतर प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवतो. ज्यांना तेलुगू लिहिता येत नाही त्यांचे आम्ही भरून देऊ. आधार कार्डाची झेरॉक्स उद्या आणून दिली तरी चालेल. आणि ज्या मुलामुलींना अभ्यासक्रमाची चौकशी करायची असेल त्यांनी बारावीची मार्कलिस्ट घेऊन विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडपात यावे. मांडव काढायचे काम चालूच असेल, त्यालाही हात लागतील.